अर्ध्या आण्याचा स्नेह

समाजमाध्यमांमुळे खरी मैत्री लोप पावत चालली आहे, ही तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. चार माणसे एका ओसरीवर बसलेली असावीत आणि चौघांच्याही माना आपापल्या हातांतील मोबाइलकडे वळलेल्या असाव्यात; वाढदिवसाला दोनशे शुभेच्छा याव्यात आणि आजारपणात विचारपूस करावयास उंबऱ्याशी कोणी फिरकू नये; असे अनुभव सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. उलट, तीस-चाळीस वर्षांपूर्वी दुरावलेला शाळासोबती फेसबुकवर सापडला म्हणून डोळे पाणावलेली माणसेही आम्ही पाहिली आहेत. दोन्ही पक्षांचे साक्षीदार प्रामाणिक आहेत, आणि म्हणूनच नुसत्या साक्षींवरून या वादाचा निकाल लागत नाही.

या वादात एक गोष्ट सहसा विसरली जाते. दूर राहणाऱ्या दोन स्नेह्यांच्या मध्ये कोणी तिसरा उभा नाही, असा काळ कधी नव्हताच. जासूद होता, गावाकडे निघालेला वाटसरू होता, टपालाचा हरकारा होता, पुढे तारमास्तर आला. त्या तिसऱ्याची मजुरी कोण देत असे, निरोप पोचविल्यावर त्याचे काम संपत असे की नाही, आणि त्याच्या हातून आलेल्या निरोपामुळे घेणारा काय करावयास उठत असे, हे पाहिले म्हणजे आजच्या माध्यमाचे नवेपण कशात आहे ते कळू लागते.

आमच्या वाचकांना हा विषय पुण्या-मुंबईच्या वाचकांपेक्षा अधिक जवळचा वाटावा. अठराव्या शतकात शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या लष्करांबरोबर आणि दफ्तरांबरोबर जी मराठी घराणी ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथे गेली, त्यांचे मूळ गावाशी असलेले नाते पिढ्यान्‌पिढ्या कागदावर टिकले. मुलीचे लग्न ठरले, कुळधर्माला कोण येणार, वाटणीचे काय झाले, हे सर्व कागदावर. गोमंतकातील घरांची गोष्ट त्याहून अवघड होती, कारण त्यांच्या आणि मुंबईतील आप्तांच्या मध्ये दोन राज्यांची सरहद्द होती. १९५५ साली ती सरहद्द बंद झाली, कुळे आणि कॅसलरॉक यांच्यामधील आगगाडी थांबली, आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत बेळगावच्या बाजूस एक भाऊ व डिचोलीच्या बाजूस दुसरा, अशा कुटुंबांना चार कोसांचे अंतर चारशे कोसांचे झाले. माणसे बोलावयाची थांबली म्हणजे काय होते, हे त्या पिढीला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

सामान्य माणसाच्या पत्राला खरी वाट मिळाली ती १ ऑक्टोबर १८५४ या दिवसापासून. त्यापूर्वी कंपनी सरकारच्या टपालाने खाजगी पत्रे जात, परंतु अंतर वाढेल तसा दर वाढे, आणि गरिबाला ते परवडण्यासारखे नव्हते. १८५४ च्या कायद्याने अंतराचा हिशेबच काढून टाकला. सगळ्यांत हलक्या पत्राला अर्धा आणा. मग ते रत्नागिरीहून शेजारच्या तालुक्यात जावो की कलकत्त्यास. संस्थानांच्या टपालाच्या व्यवस्था पुढे बराच काळ निराळ्या राहिल्या, आणि गोव्यात पोर्तुगीज सरकारने स्वतःची तिकिटे १८७१ साली काढली. तरी तत्त्व हळूहळू सर्वत्र तेच झाले. पैसे पाठविणाऱ्याने द्यावयाचे, वजनाप्रमाणे द्यावयाचे, आणि पत्र पोचले की खात्याचा संबंध संपला. पत्रात भांडण आहे की प्रेम, याच्याशी टपालखात्याच्या उत्पन्नाचा काही संबंध नव्हता. ही साधीशी गोष्ट आम्ही मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

१ जुलै १८७९ रोजी पोस्टकार्ड आले, किंमत एक पैसा. उघड्या कागदावर घरची गोष्ट लिहावयाची, ती वाटेत कोणीही वाचावयाची, हे अनेक देशांतल्या सभ्य लोकांना पहिल्याने असभ्यपणाचे वाटले होते. आपल्याकडे मात्र कार्डाने बघता बघता घर केले. चार ओळींत खुशाली, पाचवीत गाईला वासरू झाल्याची बातमी, आणि उरलेल्या कडेला आडवे लिहिलेले 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद'. आज ज्यांना व्हॉट्सॲपवरील मजकूर फार तोकडा वाटतो, त्यांनी आजोबांच्या कार्डांचा गठ्ठा एकदा सोडून पाहावा. त्यातील निम्मी कार्डे 'आम्ही येथे सुखरूप आहोत, तुमची खुशाली कळवावी' यापलीकडे काही सांगत नाहीत. तोकडेपणा हा काही आमच्या काळाचा शोध नव्हे.

अपरिचित माणसाशी माध्यमाच्या द्वारे मैत्री होऊ शकते काय, हा प्रश्नही नवा नाही. त्याचे एक उत्तर आमच्याच इतिहासात आहे. गोपाळराव जोशी हे टपालखात्यातील कारकून. पत्नी आनंदीबाई हिला शिकविण्याचा त्यांना ध्यास होता, आणि त्या ध्यासात जाचही पुष्कळ होता. कोल्हापुरास असता १८७८ साली त्यांनी अमेरिकेतील रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यास मदतीसाठी लिहिले. वाइल्डर यांनी ते पत्र आणि आपले उत्तर 'मिशनरी रिव्ह्यू' या आपल्या मासिकात छापून टाकले. उत्तर निराशेचे होते. ख्रिस्ती झाल्याशिवाय साहाय्य नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे एका खाजगी विनंतीचे हजारो अनोळखी डोळ्यांपुढे प्रदर्शन झाले, आणि बहुतेकांनी ती वाचून पान उलटले असणार.

१८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावची थिओडिशिया कार्पेंटर नावाची गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली असता तो जुना अंक तिच्या हाती लागला. तिने घरी जाऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. जोशी दांपत्य तेव्हा कच्छमध्ये भुजला होते. हिंदुस्थान १८७६ साली आंतरराष्ट्रीय टपालसंघात सामील झाला होता, म्हणून भुजच्या कारकुनाच्या पंधरा वर्षांच्या बायकोचे पत्र न्यू जर्सीच्या खेड्यात माफक पैशांत जाऊ शकत होते. पत्रे सुरू झाली. एकीने दुसरीला आपले सण, रीतिरिवाज, लग्ने, धर्म यांविषयी लिहावे, दुसरीने शंका विचाराव्यात. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या. दोघींनी एकमेकींचा आवाजही ऐकलेला नव्हता.

येथवर ही गोष्ट आजच्या कोणत्याही समाजमाध्यमावरील ओळखीसारखीच आहे. फरक पुढे पडला. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई पतीवाचून कलकत्त्याहून बोटीत बसल्या, आणि जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांना उतरवून घ्यावयास कार्पेंटरबाई उभ्या होत्या. त्यांनी या मुलीला आपल्या घरी ठेवले, तिच्या खाण्यापिण्याच्या नेमांचा मान राखला, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात तिला पोचविले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या, आणि त्यांनी त्या पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. एका छापील पानापासून सुरू झालेले नाते माणसाला कुठवर नेऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. परंतु छापील पान हजारोंनी पाहिले होते आणि पत्र लिहावयास उठली ती एक बाई, हेही त्याच उदाहरणात आहे.

दुसरे उदाहरण इतिहासकारांचे आहे, आणि ते बडोद्याच्या वाचकांना विशेष आपले वाटेल. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. दिवसा दरबारचे काम, राजपुत्रांचे शिक्षण, महाराजांबरोबर प्रवास, आणि उरलेल्या वेळात 'रियासती'. तिकडे पाटण्यास यदुनाथ सरकार औरंगजेबाच्या इतिहासात बुडालेले होते, आणि मराठ्यांची बाजू समजल्याशिवाय औरंगजेब समजत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले होते. १९०४ च्या सुमारास दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि १९५८ च्या मे महिन्यात यदुनाथांचा अंत होईपर्यंत चालला. पन्नासाहून अधिक वर्षे. एक बंगाली, एक मराठी. एक इंग्रजीत लिहिणारा प्राध्यापक, दुसरा मराठीत लिहिणारा दरबारी नोकर. भेटी मधूनमधून होत. मैत्री वाढली ती मुख्यतः टपालाच्या पिशवीत.

त्यांची पत्रे १९५७-५८ मध्ये हरिराम गुप्त यांनी संपादिलेल्या यदुनाथांच्या चरित्र-पत्रसंग्रहात पुष्कळशी आली आहेत, आणि २०१५ साली दीपेश चक्रवर्ती यांनी यदुनाथांवर जो ग्रंथ लिहिला त्याचा मोठा आधार हीच पत्रे आहेत. ती चाळताना प्रथम जाणवते ते हे की, त्यांत मैत्रीविषयी बोलणे फार थोडे आहे. अमुक तारीख तपासून पाहा. अमुक किल्ल्याची जागा नकाशावर कोठे येते. अमुक फारशी अखबारात मराठ्यांच्या हालचाली आहेत, नक्कल पाठवितो. तुमचे अमुक अनुमान टिकत नाही. दोघेही एकमेकांना कामाला लावीत होते. यदुनाथ आपल्या मित्राच्या लेखनावर टीका करताना हात आखडता घेत नसत, आणि सरदेसाई ती निमूट घेत. आपल्या नवपरिचितांच्या जगात ज्याला 'आवडले' म्हणून अंगठा दाखवितात, तसली वस्तू त्या पत्रांत शोधून सापडावयाची नाही.

आणि पत्रांतून कामे उभी राहिली. पुण्याचे पेशवे दफ्तर अभ्यासकांना खुले करण्याची वेळ आली तेव्हा मुंबई सरकारने ते काम सरदेसायांकडे सोपविले, यात यदुनाथांच्या शब्दाचे वजन होते. हजारो रुमाल सोडून, मोडी वाचून, १९३० ते १९३४ या थोड्या अवधीत सरदेसायांनी निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. पुण्यातील अनेक विद्वानांना ही नेमणूक रुचली नव्हती, आणि टीकेचा मारा सोसताना सरदेसायांना आधार होता तो बंगालकडून येणाऱ्या पाकिटांचा. पुढे १९३६ पासून दोघांनी मिळून पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड काढले. त्यांतील महादजी शिंद्यांविषयीचा पहिला खंड यदुनाथांनी संपादिला. निवृत्तीनंतर सरदेसाई कामशेतला राहावयास गेले, आणि तेथे यदुनाथ येऊन मुक्काम करीत. माळव्यातील सीतामऊचे राजपुत्र रघुवीरसिंह हे या दोघांचे तिसरे, वयाने पुष्कळ लहान स्नेही. त्यांनी सीतामऊसारख्या आडगावी जे ग्रंथालय उभे केले त्याच्या मुळाशी याच पत्रांची संगत होती.

दोघांच्याही वाट्याला तरुण पुत्रांचे मृत्यू आले. सरदेसायांचा श्यामकांत उमेदीत गेला. बापाने पुढे त्याची पत्रे पुस्तकरूपाने छापली. यदुनाथांचा मुलगा कलकत्त्याच्या दंगलींच्या काळात मारला गेला. अशा वेळी मित्राने काय लिहावे? सांत्वनाच्या पत्राला लिहिणाराला बसावे लागते, एखादा कागद फाडून टाकावा लागतो, पुन्हा लिहावे लागते. आणि घेणाऱ्याला माहीत असते की, त्याने हे केले असणार. आज मृत्यूची बातमी समूहावर येते आणि पाच मिनिटांत तिच्याखाली जोडलेल्या हातांची चाळीस चित्रे उमटतात. त्यातील प्रत्येक चित्र पाठविणाऱ्याला खरोखर वाईट वाटले असेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पूर्वी दुःखाच्या घरी दहा पत्रे येत ती दहा वेगवेगळ्या माणसांची असत. ही चाळीस चित्रे एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, आणि ज्याचे माणूस गेले त्याने उत्तर कोणास द्यावे हे त्याला समजत नाही.

असे लिहिताना जुन्या पत्राला आम्ही देव्हाऱ्यात बसवू इच्छीत नाही. आपल्या पत्राचा मायनाच पाहा. वडिलांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव, बरोबरीच्यांना राजमान्य राजश्री. आणि पती वारला की बाईच्या नावामागचे 'सौभाग्यवती' जाऊन तेथे 'गंगाभागीरथी' येई. पहिल्याच शब्दाने माणसाला त्याची जागा दाखवून देणारे हे माध्यम होते. ज्या सासुरवाशिणीला लिहिता येत नसे तिचे पत्र दिरांपैकी कोणी लिहावयाचा आणि माहेरी ते भाऊ मोठ्याने वाचून दाखवावयाचा; तिला जे आईला एकटीला सांगावयाचे होते ते अर्थातच कधीच लिहिले गेले नाही. सरदेसाई-यदुनाथांची मैत्री शिकलेल्या, पगारदार पुरुषांची मैत्री होती. गोव्याच्या पुष्कळ हिंदू घरांत तर आणखी एक गाठ होती. बोलणे कोंकणीत आणि पत्र मराठीत. मराठी ही त्यांची आवडती, अभ्यासाची, पूजेअर्चेची भाषा होती यात वाद नाही. परंतु स्वयंपाकघरातील शब्दाला कागदावर येताना वस्त्रे बदलावी लागत. आज तीच घरे मोबाइलवर जशी बोलतात तशी लिहितात, आणि ज्या आजीला लिहिता येत नाही ती कळ दाबून आपल्या आवाजातच नातवाला दोन शब्द पाठविते. हा लाभ लहान नव्हे. मराठी-कोंकणीच्या वादात दोन्ही बाजूंनी लिहिणाऱ्यांनी त्याची नोंद घेतलेली आमच्या पाहण्यात नाही.

टेलिफोनविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मुंबईत तो १८८२ मध्ये आला, पण मध्यम स्थितीच्या घरांत त्याचा खरा प्रवेश शंभर वर्षांनी, एसटीडीच्या पिवळ्या पाट्या नाक्यानाक्यावर लागल्या तेव्हा झाला. रात्री दर उतरण्याची वाट पाहत रांगेत उभी राहिलेली माणसे एक डोळा मीटरच्या आकड्यांवर ठेवून बोलत. अमेरिकेतील टेलिफोनचा इतिहास लिहिणारे क्लॉड फिशर यांनी १९९२ मध्ये असा निष्कर्ष काढला की, त्या यंत्राने लोकांचे जुने संबंधच अधिक घट्ट केले. नवे जग फारसे निर्माण केले नाही आणि शेजारही मोडला नाही. आपल्याकडेही याहून निराळे घडले असे वाटत नाही. तार मात्र शेवटपर्यंत भीतीची वस्तू राहिली, आणि १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यासाठी जे अश्रू ढाळले ते पाहून जुन्या माणसांना गंमत वाटली असेल. तारवाला दारी आला म्हणजे घरातील बायका आधी रडू लागत आणि मग पाकीट फोडले जाई.

आता समाजमाध्यमांकडे येऊ. १९९८ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील रॉबर्ट क्राउट व त्यांचे सहकारी यांनी त्र्याहत्तर घरांतील माणसांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. इंटरनेट अधिक वापरणाऱ्यांचा घरातील संवाद किंचित कमी झाला आणि एकटेपणा किंचित वाढला, असे त्यात दिसले, आणि जगभर त्याचा गवगवा झाला. त्याच लोकांना पुढे पुन्हा पाहिले तेव्हा तो परिणाम बहुतेक ओसरला होता. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याचा गवगवा अर्थातच झाला नाही. त्या दुसऱ्या अभ्यासातील एक निरीक्षण आम्हांस मोलाचे वाटते. ज्यांचा स्वभाव मिळूनमिसळून राहण्याचा होता त्यांना नव्या साधनाचा लाभ झाला, आणि जे मुळातच एकलकोंडे होते त्यांना तो झाला नाही. कार्पेंटरबाई जेथे जातील तेथे कार्पेंटरबाईच राहतील, असा त्याचा अर्थ करावयास हरकत नाही.

पण १९९८ चे इंटरनेट आणि त्यानंतरचे फेसबुक या एकच वस्तू नव्हेत. फेसबुक २००४ मध्ये निघाले, २००६ मध्ये सर्वांना खुले झाले, आणि त्याच वर्षी त्याने सर्व परिचितांच्या हालचालींचा एक अखंड वाहणारा पाट प्रत्येकाच्या पडद्यावर सोडला. २००९ मध्ये 'आवडले' म्हणण्याची कळ आली. हे सर्व फुकट होते. टपालखात्याविषयी जे आम्ही वर सांगून ठेवले ते येथे आठवावे. अर्धा आणा पत्र लिहिणारा देत होता, म्हणून खाते त्याचे चाकर होते. फेसबुकची मजुरी जाहिरातदार देतो. जाहिरात दिसावयास माणूस पडद्यासमोर बसलेला हवा. म्हणून निरोप पोचल्यावर या मध्यस्थाचे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते. मित्राचे पत्र वाचून तुम्ही उठलात आणि त्याच्या घरी गेलात, तर टपालखात्याचे काही बिघडत नव्हते. या नव्या व्यापाऱ्याच्या हिशेबी तेवढा वेळ तोट्याचा असतो. माध्यमांच्या इतिहासात वर्तमानपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणी ही जाहिरातीवर पूर्वीपासून जगत आली. पण दोन मित्रांमधील खाजगी बोलण्याची वाटच जाहिरातदाराच्या पैशाने बांधली गेली, हे नवे होय.

२०१८ च्या जानेवारीत त्या कंपनीनेच जाहीर केले की, यापुढे व्यापारी मजकुरापेक्षा मित्रांचा व आप्तांचा मजकूर पुढे आणू. मित्रांना भेटविण्यासाठी म्हणून काढलेल्या दुकानात मित्र मागे पडले होते, याची ती कबुलीच होती. त्याच वर्षी अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी फेसबुक वापरणाऱ्या लोकांना पैसे देऊन चार आठवडे ते बंद ठेवावयास लावले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, या लोकांचा कुटुंबात व मित्रांत जाणारा वेळ वाढला आणि मनाचे समाधान थोडे सुधारले. त्याचबरोबर देशात काय चालले आहे याची माहिती कमी झाली. 'थोडे' हा शब्द महत्त्वाचा आहे. माणूस नवजीवन लाभल्यासारखा झाला नाही, आणि चार आठवडे संपल्यावर बरेच लोक परत गेले, मात्र पूर्वीपेक्षा कमी वेळ बसू लागले.

याहून गंभीर गोष्ट आमच्या मुलखात घडली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षेकरी म्हणून फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्याआधी व्हॉट्सॲपवरून गावोगाव पसरली होती. अफवा जुन्याच आहेत. परंतु बाजारात ऐकलेली अफवा बाजाराची असते, आणि ही मोबाइलवर आली ती मेहुण्याच्या किंवा मित्राच्या नावाखाली. पाठविणारा ओळखीचा होता म्हणून मजकूर खरा वाटला. मैत्रीने पिढ्यान्‌पिढ्या जमविलेला विश्वास अशा रीतीने कोणा अनोळखी खोटारड्याच्या कामी आला. त्याच महिन्यात कंपनीने हिंदुस्थानात एक मजकूर एका वेळी पाचापेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, असे बंधन घातले. समाजमाध्यम मैत्रीला तारक की मारक, या प्रश्नावर वक्तृत्वस्पर्धा घेणाऱ्यांनी एकटेपणाचीच चर्चा न करता राईनपाड्याचे नाव घेतले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हीच साधने आधाराला आली, हेही तितकेच खरे. मुलगा बंगळुरात, आई इंदुरास. मधले सर्व रस्ते बंद. पडद्यावर का होईना, तोंडे दिसली. कित्येकांनी आईबापांचे अंत्यसंस्कार त्या चौकोनात पाहिले. ते पाहणे अपुरे होते हे प्रत्येकाला कळत होते, आणि नसते तर काय झाले असते हेही कळत होते. गोव्याची सरहद्द बंद झाली त्या काळातील माणसांना तेवढेही मिळाले नव्हते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक काळजी मात्र राहते. पेशवे दफ्तरात अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांचे रुसवे-फुगवे आजही वाचता येतात, कारण कागद रुमालात बांधून ठेवला गेला. सरदेसाई आणि यदुनाथ यांनी एकमेकांची पत्रे जपली म्हणून ती छापता आली. ऑर्कुट नावाचे समाजमाध्यम २००४ मध्ये निघाले, आपल्याकडील तरुणांनी त्यावर भरभरून लिहिले, आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. त्या दहा वर्षांतील मैत्र्यांचे दफ्तर कोणाच्या घरी आहे? मोबाइल बदलताना पूर्वीचे संदेश गेले, असे सहज सांगणारी माणसे रोज भेटतात. घराला आग लागून पत्रे जळाली असती तर तेच माणूस वर्षभर हळहळले असते. कोणी म्हणेल, ते संदेश जपण्याच्या लायकीचे नव्हते. पोस्टकार्डेही तशीच होती, आणि त्यांवरूनच आज आम्ही त्या घरांची दुधदुभती, आजारपणे आणि भावबंदकी जाणतो.

कोकणस्थ, सारस्वत आणि इतर अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत गेल्या शतकात याच पोस्टकार्डांच्या बळावर सिद्ध झाले. कोणी एक चिकाटीचा निवृत्त गृहस्थ ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, मडगाव येथील आडनावबंधूंना शेकडो कार्डे पाठवावयाचा, निम्म्यांना उत्तरे यावयाची नाहीत, मग तो पिशवी घेऊन स्वतः निघावयाचा. आता त्याच घराण्यांचे व्हॉट्सॲपवर समूह झाले आहेत. सकाळी फुलांची चित्रे आणि सुविचार, दुपारी राजकारणावरून भांडण, रात्री शुभरात्री, असा त्यांचा दिनक्रम असतो, आणि कित्येक वर्षे त्यापलीकडे काही घडत नाही. पण एखाद्या समूहात कोणी विचारतो, आपल्या पणजोबांचे नाव आणि मूळ गाव कोणास ठाऊक आहे काय? मग बडोद्याहून एकजण जुन्या खतपत्राचे छायाचित्र पाठवितो, फोंड्याची एक आत्या देवळातील नोंद सांगते, तिसरा म्हणतो हे चुकीचे आहे, आमच्याकडे निराळे नाव आहे. भांडण होते, परंतु यावेळी ते पणजोबांविषयी असते. महिन्याभराने त्यांतील चौघे-पाचजण गावच्या कुलदेवतेच्या देवळात सकाळी भेटावयाचे ठरवितात, आणि त्यांपैकी दोघे खरोखरच आदल्या रात्रीच्या गाडीत बसतात.